कागदाची उर्दू आणि शेजाऱ्याची दखनी

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या वाटेवर पोखर्णी हे गाव लागते. नृसिंहाच्या देवस्थानामुळे ते साऱ्या मराठवाड्यात परिचित आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील तिथल्या स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. हे गाव निजामाच्या राज्यात असताना त्याचे नाव सरकारी कागदावर उर्दूत लिहिले जाई. उर्दू लिपीत 'ण'साठी अक्षर नाही. 'ओ' आणि 'ऊ' हे दोन्ही स्वर एकाच 'वाव'ने दाखवले जातात आणि ऱ्हस्व स्वर तर सामान्यतः लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे मनात 'पोखर्णी' असले तरी कागदावर उतरे ते 'पोखरनी', 'पूखरनी' असे दोन-तीन प्रकारे वाचता येण्याजोगे नाव. 'ळ'चीही तीच गत. 'काळे' आणि 'काले' हा भेद त्या लिपीत सरळ दाखवता येत नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला गाव ठाऊक असे, माणसे ठाऊक असत, म्हणून त्यांचे अडत नसे. आज तोच कागद हाती घेणाऱ्या नातवाचे मात्र दोन्हीकडून अडते. त्याला लिपी येत नाही. आणि लिपी जाणणारा कोणी भेटलाच, तर त्याला या गावची आडनावे ठाऊक नसतात.

शेजारी राहणाऱ्या दोन भाषिक समूहांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा राजभाषेविषयीची फर्माने, शाळांची माध्यमे आणि भाषिक आंदोलने यांच्याकडे पाहतो. ते आवश्यकच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. एकाच गावात एकाच काळी दोन निरनिराळ्या प्रकारची द्वैभाषिकता नांदू शकते : एक कागदाची आणि दुसरी तोंडाची. पहिली वरून येते, शाळेतून आणि कचेरीतून शिकावी लागते, आणि सत्ता पालटली की एका पिढीत नाहीशी होऊ शकते. दुसरी विहिरीवर, बाजारात, खळ्यावर आपोआप घडते; तिला कोणी फर्मान काढून जन्माला घालत नाही. मराठवाड्यातील मराठी आणि उर्दू-दखनी यांच्या सहवासाकडे या दृष्टीने पाहिले, तर काय टिकले, काय गेले आणि जे टिकले त्याचा भार आज कोण वाहतो आहे, हे अधिक स्पष्ट होते.

प्रथम कागदाची भाषा पाहू. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा दीर्घकाळ फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. संस्थानाच्या लोकसंख्येत तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे सुमारे पाव, कन्नड बोलणारे त्याहून कमी आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे साधारण दहावा हिस्सा होते. म्हणजे राज्यातील बहुसंख्य प्रजेला कचेरीची भाषा शिकूनच घ्यावी लागे. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. आधुनिक ज्ञानाचे उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. त्यासाठी उभारलेल्या भाषांतर विभागाने विज्ञान, कायदा, वैद्यक, इतिहास या विषयांची पुस्तके उर्दूत आणली. या कार्याचे मोल मान्य केलेच पाहिजे. पण ती भारतीय भाषा परभणीच्या शेतकऱ्याची नव्हती, हेही तितकेच खरे. शाळेच्या पायऱ्यांची नावेच पाहा : तहतानिया, वस्तानिया, फोकानिया, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च. पहिल्या पायरीवर मराठी काही प्रमाणात चालून जाई. पुढे चढायचे तर उर्दूवाचून गत्यंतर नव्हते.

या व्यवस्थेने मराठवाड्याच्या मराठीत शब्दांचा एक निराळा थर आणून सोडला. इथे थोडा विवेक करावा लागतो. 'जमीन', 'हवा', 'शहर', 'अर्ज', 'वकील' हे शब्द बहमनी काळापासूनच्या संपर्कातून साऱ्या मराठीत रुजले. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला तो याच थराला संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी, आणि माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला तोही या दीर्घ सहवासाची नोंद म्हणून. हा थर पुण्याच्या आणि परभणीच्या मराठीला समान आहे. त्याच्यावर मराठवाड्यात जो आणखी एक थर बसला तो आसफजाही कारभाराचा. जिल्ह्याचा प्रमुख तो 'अव्वल तालुकदार', त्याच्या हाताखाली 'दोयम तालुकदार'. परिपत्रक म्हणजे 'गश्ती' आणि त्याचा क्रमांक म्हणजे 'निशाण'. सार्वजनिक सभांवर निर्बंध घालणारी 'गश्ती निशाण ५३' ही संज्ञा मुक्तिसंग्रामाच्या प्रत्येक इतिहासात भेटते. प्रकरणाचे कागद म्हणजे 'मिसल'. जकातीचे खाते ते 'करोडगिरी'. फौजदार तो 'अमीन'. इनाम जमिनीच्या हक्काचा कागद तो 'मुंतखब', मग ते इनाम देवळाचे असो वा दर्ग्याचे. गावचा महसुली कारभार पाहणारा 'पटवारी', त्याच्यावरचा 'गिरदावर'.

सालेसुद्धा वेगळी होती. महसुली कागदावर फसली सन असे. त्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास 'आजूर' महिन्याने सुरू होई आणि दै, बहमन अशी इराणी नावांची माळ पुढे चाले. ज्या जमीन महसूल कायद्याने मराठवाडा चालला तो '१३१७ फसली'चा, म्हणजे १९०७-०८ चा. एकाच घरात चैत्र-वैशाखाने पेरणी-लग्ने ठरत, मोहरम-रमजानने शेजाऱ्याचे सण ठरत आणि आजूर-दैने सारा भरण्याची मुदत ठरे. तीन कालगणना एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने राहत होत्या, आणि त्याचे त्याला काही नवल वाटत नव्हते.

हा थर राजकीय सीमेवर कसा थांबतो, हे पैनगंगेच्या काठावर चांगले दिसे. परभणी जिल्ह्यात तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही होता (तो १९९९ मध्ये वेगळा झाला), आणि नदीपलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड नावापुरते निजामाचे. १८५३ पासून प्रत्यक्ष कारभार इंग्रजांचा, आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेले. दोन्ही काठांवर मराठीच बोलणारे शेतकरी, तीच कापसाची काळी जमीन, सोयरीकही नदी ओलांडून होई. पण अलीकडच्या काठावरच्या माणसाला खटला उर्दूत चालवावा लागे आणि पलीकडचा त्याचा व्याही मराठीत अर्ज लिहू शके. निजामाच्या मुलखाला लोक 'मोगलाई' म्हणत. मोगलाईतला मराठी माणूस आणि इंग्रजी मुलखातला मराठी माणूस यांच्यातला फरक बोलण्याचा फारसा नव्हता, लिहिण्या-वाचण्याचा होता. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याचा अधिकारी 'मामलेदार' आणि मोगलाईत 'तहसीलदार'. दोन्ही शब्द मुळात अरबीच. त्यांपैकी 'तहसीलदार' आज साऱ्या महाराष्ट्रात रूढ आहे आणि 'मामलेदार' मागे पडला आहे, ही गोष्ट शुद्ध-अशुद्ध मराठीचा वाद घालणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता तोंडाची भाषा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठवाड्याच्या खेड्यातील मुसलमानाची घरची भाषा आणि कचेरीतील उर्दू या एकच होत्या असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः खेड्यातल्या मुसलमानाच्या घरात बोलली जाई ती दखनी. कचेरीची उर्दू तिच्याहून पुष्कळ दूरची, फारसीने भरलेली; तिचा आदर्श दिल्ली-लखनौचा. संस्थानात 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' हा वाद दीर्घकाळ धुमसत राहिला, त्याचे कारण मोठ्या जागांवर उत्तरेकडून आलेले अधिकारी होते हे. त्यांच्या कानाला दखनी गावंढळ वाटे. म्हणजे गावातल्या कुणब्याला जशी कचेरीची उर्दू शिकावी लागे, तशीच ती गावातल्या पिंजाऱ्याला, आत्तारालाही शिकावी लागे. वाट एकाची लांब, दुसऱ्याची थोडी जवळची, एवढेच.

आणि ही दखनी मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. तिचा 'नक्को' हा मराठीचा 'नको'. तिचा जोर देणारा 'च' मराठीचाच : 'मैंच', 'आजच', 'वैसाच'. दिल्लीची उर्दू इथे 'ही' वापरील. दखनीला 'च' वाचून चैन पडत नाही. 'वो आता बोलके बोल्या' या वाक्याची घडण उत्तरेकडच्या माणसाला चमत्कारिक वाटते, पण 'तो येतो म्हणून म्हणाला' हे मराठी वाक्य कानात असणाऱ्याला त्यात काहीच परके वाटत नाही. 'म्हणून'चे काम 'बोलके' करतो. ('अनि' लावून तेलुगूही हेच करते, हा साऱ्या दख्खनचा वारसा आहे.) 'मेरेकू पानी होना' यातला 'होना' हा 'पाहिजे'च्या जागी बसलेला आहे. शब्द उसने घेणे ही वरवरची देवघेव असते. बाजारात दोन दिवस घालवले तरी ती होते. वाक्याची घडण बदलते, क्रियापदाचा आणि अव्ययाचा वापर बदलतो, तेव्हा त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे, लहानपणापासूनचे एकत्र बोलणे असावे लागते. देवीसिंग चौहान यांनी 'मराठी आणि दक्खिनी हिंदी' या ग्रंथात या नात्याची सविस्तर तपासणी केली. मराठवाड्यातीलच या अभ्यासकाला ते नाते दिसावे यात आश्चर्य नाही.

या बोलण्याची साक्ष साहित्यात फार जुनी आहे. परभणीहून फार दूर नसलेल्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात दोघे आपापल्या बोलीत भांडतात. तुर्क दखनीच्या वळणाने बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो आणि दोघांचेही एकमेकांना कळते. या रचनेचा विचार आपण बहुधा धर्मसमन्वयाच्या अंगाने करतो. भाषेच्या अंगाने पाहिले तर तिच्यात एक गृहीत दडलेले आहे : ऐकणाऱ्या समाजाला दोन्ही बोली कळतात. तसे नसते तर हे भारूड रंगलेच नसते. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहितात, आणि पुढे औरंगाबादचा वली दखनी वळणाची कविता घेऊन दिल्लीला प्रभावित करतो. हे सारे एकाच भाषिक परिसरातले घडणे आहे. आपल्या अभ्यासक्रमांनी त्याची तीन खात्यांत वाटणी केली आहे.

दैनंदिन जीवनात ही द्वैभाषिकता धंद्यांतून वाहत होती. कापूस पिंजणारा पिंजारी, पानवाला तांबोळी, भाजी-फळे विकणारा बागवान, बांगड्या भरणारा मनियार, सुगंधी तेले आणि औषधी विकणारा आत्तार. हे सारे मुसलमान. त्यांचे गिऱ्हाईक बहुतांशी मराठी. गिऱ्हाइकाची भाषा बोलल्याखेरीज धंदा होत नाही, म्हणून यांची मराठी अस्खलित. मराठी शेतकरीही दखनी समजे, मोडकीतोडकी बोले, पण बोलावेच लागे असे नव्हते. मनियाराला घराच्या माजघरापर्यंत प्रवेश असे. बांगड्या भरताना होणारे बोलणे मराठीत होई, त्यात माहेरची चौकशी असे. मोहरमच्या डोल्यांना हिंदू घरांतून नवस असत, परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला दोन्ही समाजांची गर्दी लोटे आणि आजही लोटते. गावात वडीलधाऱ्या मुसलमानाला 'चाचा' किंवा 'मामू' म्हणणारे मराठी पोर आणि शेजारच्या म्हातारीला 'आजी' म्हणणारे मुसलमान पोर, या संबोधनांनी नाते ठरे आणि भाषाही.

बायकांची गोष्ट वेगळी नोंदवली पाहिजे. कागदाची उर्दू त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. मराठी घरातला पुरुष फोकानियापर्यंत शिकून उर्दूत अर्ज लिही, फारसी बैत म्हणे. त्याच घरातली बाई जात्यावर ओवी म्हणे आणि गंगाखेडची जनाबाई तिला पाठ असे. मुसलमान घरातल्या बाईलाही कचेरीची उर्दू दूरचीच. तेव्हा खुरपणीला, वेचणीला एका ओळीत बसलेल्या दोन बायकांमध्ये राजभाषा नावाची वस्तू कधी आलीच नाही. राजभाषेच्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही. पण दखनीच्या वाक्यात मराठीची घडण आली ती मुख्यतः अशाच ओळींतून आली असली पाहिजे, कारण मूल बोलायला शिकते ते आईच्या तोंडून.

या ठिकाणी दुसऱ्या एका देशाशी तुलना उपयोगी पडेल. कॅनडामध्ये इंग्रजी आणि फ्रेंच बोलणारे समूह दोनशेहून अधिक वर्षे शेजारी राहत आले आहेत. १९६३ मध्ये तिथे द्वैभाषिकतेचा विचार करण्यासाठी शाही आयोग नेमण्यात आला. क्वेबेक प्रांतातील मिळकतीची पाहणी करताना आयोगाला असे आढळले की, केवळ इंग्रजी जाणणारा इंग्रजीभाषक हा दोन्ही भाषा जाणणाऱ्या फ्रेंचभाषकापेक्षा सरासरीने अधिक कमावतो. दोन भाषा येणे ही गुणाची गोष्ट. पण ती कोणाला शिकावी लागते आणि कोणाला न शिकता चालते, यावर तिचे मोल ठरते. १९६९ च्या राजभाषा कायद्याने केंद्रीय कारभारात दोन्ही भाषांना समान दर्जा मिळाला, म्हणजे नागरिकाने नव्हे, सरकारने द्वैभाषिक व्हावे असे ठरले. आणखी एक साम्य आहे. मॉन्ट्रियलच्या कामकरी वस्तीतील फ्रेंच पॅरिसच्या फ्रेंचहून निराळी. तिला 'जुआल' म्हणतात आणि सुशिक्षित तिला हिणवत. १९६८ मध्ये मिशेल त्रांब्ले या नाटककाराने तीच बोली रंगमंचावर आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला. कचेरीची उर्दू आणि घरची दखनी यांच्यातले अंतर आपल्याला त्यावरून चांगले समजते.

निजामाच्या राज्यात सरकार द्वैभाषिक नव्हते. प्रजेने द्वैभाषिक व्हावे अशी अपेक्षा होती. त्याविरुद्धची मराठी माणसाची तक्रार न्याय्य होती. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशा खाजगी शाळा या तक्रारीतून आणि राष्ट्रीय जाणिवेतून उभ्या राहिल्या. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूरला भरले. याच वातावरणात सातोन्याचे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) परभणीत बांधकाम खात्यात नोकरी करत मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते. दिवसभर एका भाषेचा कागद आणि रात्री दुसऱ्या भाषेचा, असे हे जगणे. त्यांच्या कवितेतील उर्दू वळणाची लय समजून घेताना समीक्षक गझलेच्या प्रभावाचा उल्लेख करतात. त्याबरोबर त्यांच्या कचेरीचाही करायला हवा. सेतुमाधवराव पगडी यांची इतिहासलेखनातील कामगिरी तर या द्वैभाषिक शिक्षणाखेरीज संभवलीच नसती. फारसी साधने मूळातून वाचणारा हा निलंग्याकडचा मराठी माणूस हैदराबादच्या मुलकी सेवेतला अधिकारी होता. ज्या व्यवस्थेने अन्याय केला तिनेच हे सामर्थ्यही दिले. दोन्ही विधाने एकदम खरी मानण्याची तयारी इतिहास वाचणाऱ्याने ठेवावी लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हे सारे बदलले. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो अत्याचार केला, त्याने शेजाऱ्याविषयीचा विश्वास अनेक ठिकाणी मोडला. १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून नोंदवले. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. भाषेच्या इतिहासात या गोष्टी सांगणे अनावश्यक वाटेल, पण तसे नाही. उर्दू नुसती कचेरीतून गेली असती तर ती आणखी काही काळ वाचनाची, कवितेची भाषा म्हणून मराठी घरांत राहिली असती. ती एका पराभूत आणि भयप्रद राजवटीची खूण ठरली, म्हणून ती कपाटातूनही गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. 'अव्वल तालुकदारा'चा जिल्हाधिकारी झाला, 'पटवाऱ्या'चा तलाठी आणि 'गिरदावरा'चा मंडळ अधिकारी. फोकानियात शिकलेली पिढी वृद्ध होत गेली. आजोबा उर्दू वर्तमानपत्र वाचत, वडिलांना अक्षरओळख, आणि नातवाला काहीच नाही, असा हा उतार बहुतेक मराठी घरांत तीन पायऱ्यांत पुरा झाला.

दुसऱ्या बाजूला मात्र द्वैभाषिकता संपली नाही, उलट वाढली. खेड्यातील मुसलमान पूर्वीही मराठी बोले. आता तो मराठी लिहू-वाचू लागला, कारण अर्ज, सातबारा, रेशनकार्ड, नोकरी सारे मराठीत. महाराष्ट्रातील शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा कायदा उर्दू माध्यमाच्या शाळांनाही लागू आहे. त्यात वावगे काही नाही. राज्याची भाषा राज्यातील प्रत्येकाला यावी हे योग्यच. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या समाजाने मराठीशी आपले नाते नुसते व्यवहाराचे नाही हे जाहीरपणे सांगितले. प्रश्न उरतो तो परस्परतेचा. निजामाच्या काळात कागदाच्या द्वैभाषिकतेचा भार मराठी माणसावर होता आणि तोंडाच्या द्वैभाषिकतेचा दोघांवर, थोडाफार कमीजास्त. आज दोन्ही भार एकाच बाजूला आहेत. मराठी माणसाला दखनीचे चार शब्द कळतात ते आता चित्रपटातील विनोदामुळे. शेजाऱ्याची बोली ही हसण्याची वस्तू होणे, हे ती न कळण्यापेक्षाही वाईट आहे.

याची किंमत केवळ भावनिक आहे असे समजू नये. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे मराठवाड्यातील जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम आले, आणि गावोगावची दप्तरे उघडली गेली. गावपातळीचे कागद पुष्कळदा मोडीत, वरच्या कचेऱ्यांचे उर्दूत. काही कागदांसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द घराघरांत पोचला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. पण त्या निमित्ताने एक दृश्य साऱ्यांनी पाहिले : आपल्या आजोबांची जात, जमीन आणि नाव ज्यात नोंदले आहे तो कागद लाखो मराठी माणसांना वाचता येत नाही, आणि तो वाचून देणारा उर्दू जाणकार शोधत फिरावे लागते. 'कुणबी' हा शब्दही त्या लिपीत 'ण' वाचून, 'कुनबी' असाच लिहिलेला असणार. तो नेमका काय आहे, हे ठरवायला लिपी जाणणारा एक आणि गाव जाणणारा एक, अशी दोन माणसे शेजारी बसावी लागतात. पूर्वी हे काम पटवारी एकटा करी, कारण दोन्ही जाणणारी माणसे तेव्हा दुर्मीळ नव्हती.

त्याच सुमारास वऱ्हाडात दुसरा एक प्रसंग न्यायालयात गेला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. ते काढावे अशी मागणी झाली. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती समाजाची असते, असे स्पष्ट केले. फलकाचा तंटा कॅनडातही झाला होता : क्वेबेकने १९७७ मध्ये दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असाव्यात असा कायदा केला, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये अमान्य केला, आणि पुढे १९९३ मध्ये फ्रेंच ठळक ठेवून अन्य भाषांना मुभा देण्याचा मध्यम मार्ग निघाला. तिथे फ्रेंचला इंग्रजीच्या महासागरात बुडण्याची भीती होती, आणि ती समजण्यासारखी होती. पातूरमध्ये मराठीला उर्दूपासून तशी भीती असल्याचे दाखवणे कठीण आहे. मराठीला आज भीती आहे ती इंग्रजीची. फलकावरच्या शेजारणीची नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे पाहण्याची दोन कारणे आहेत. एक अभ्यासाचे. मराठवाड्यातील मराठी साहित्याचा इतिहास उर्दू आणि दखनी वगळून लिहिला तर एकनाथांच्या भारुडातील निम्मा संवाद, बी. रघुनाथांच्या लयीचा एक झरा, मुक्तिसंग्रामातील आत्मचरित्रांमधील संज्ञा आणि पगडींचे सारे व्यासंगाचे साधन, एवढे सगळे पायटिपांत ढकलावे लागते. हैदराबादमध्ये उस्मानियात मराठी शिकवणारे नांदापूरकर आणि त्यांच्या घरी राहून शिकलेला त्यांचा भाचा नरहर कुरुंदकर ही परंपरा नुसती मराठी वाचून पुरती उलगडत नाही. दुसरे कारण शेजाराचे. उर्दूची लिपी शिकायला एक सत्र पुरते. मोडीचे वर्ग आज ठिकठिकाणी भरतात, त्यांना विद्यार्थी मिळतात, कारण त्यात आपला इतिहास आहे हे आपल्याला पटलेले आहे. परभणी, नांदेड, हिंगोली, बीडच्या मराठी विभागांनी मोडीच्या शेजारी उर्दूचा असाच एक वर्ग ठेवावा. तो शिकवायला माणूस दूरवरून आणावा लागणार नाही. त्याच गावच्या उर्दू शाळेत तो आहे, आणि त्याला मराठी येते.

हे झाले तर पोखर्णीकडच्या एखाद्या घरातला फसली सनाचा कागद उघडताना नातवाला निदान सुरुवात करता येईल. अक्षर लागेल, वर्ष काढता येईल, आणि जिथे 'काळे' की 'काले' असा पेच पडेल तिथे शेजाऱ्याला हाक मारता येईल.